कोरड्या मुलखातील अबोली

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले असून, जो पाऊस घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळतो त्यातील जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपासचा वार्षिक हिस्सा दौंड तालुक्याच्या वाट्यास येतो. यास्तव अबोली हे कोकणचे आणि गोमंतकाचे झाड, देशावरच्या रुक्ष हवेत तिचा निभाव लागावयाचा नाही, असा निवाडा पुष्कळजण रोप आणण्यापूर्वीच देऊन मोकळे होतात. वस्तुस्थिती निराळी आहे. अबोली मूळची दक्षिण भारतातील व श्रीलंकेतील. अडुळसा आणि कोरांटी यांच्याच कुळातील हे सदाहरित, बहुवर्षायू झुडूप कर्नाटक, आंध्र व तमिळनाडूच्या उष्ण प्रदेशात शेतोशेती लावले जाते. उन्हाळ्याची तिला धास्ती नाही. थंडी मात्र सोसत नाही, आणि पौषात फुले रोडावली तर तो ऋतूचा परिणाम समजावा, पाण्याची तूट नव्हे.

सर्वांत अधिक नुकसान करणारा गैरसमज सावलीविषयी आहे. अबोलीस सावली मानवते हे खरे. परंतु तेवढ्यावरून आंब्याच्या अथवा चिंचेच्या गर्द छायेखाली तिला नेऊन लावणे, आणि तेथे ऊन लागत नाही त्या अर्थी ओलही टिकत असेल असे गृहीत धरणे, या दोन चुका जोडीने होतात. मोठ्या वृक्षाखालील जमीन उघड्या जमिनीहून अनेकदा अधिक कोरडी असते, कारण हलक्या सरीचे पाणी वरची पालवीच अडवून धरते आणि जे खाली झिरपते त्यावर वृक्षाच्या मुळांचा हक्क आधी पोहोचतो. शिवाय प्रकाश फारच उणा पडला की झाड पानांनी हिरवेगार दिसते, पण फुलांचे तुरे येत नाहीत. तिला मानवते ती विरळ सावली: सकाळचे कोवळे ऊन मिळून दुपारनंतर भिंतीची छाया पडेल अशी घराची पूर्वेकडील बाजू, किंवा शेवग्या-हादग्यासारख्या झाडांची, बुंध्यापासून काहीशी दूरची, झिरझिरीत छाया. यवतच्या पंचक्रोशीत ऊस आणि गुऱ्हाळे असल्याने पाचट मुबलक मिळते. ते जाळून न टाकता बोटभर जाडीने रोपांभोवती अंथरले, आणि मधोमध मातीचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरत राहिले, तर भर वैशाखातही मुळांशी गारवा राहतो.

पान कोमेजले की पाणी घालावयाचे, हा दुसरा समज दिसण्यात निरुपद्रवी असला तरी काळ्या जमिनीत तो झाडाचा प्राण घेतो. मुठा उजव्या कालव्याचे आवर्तन सुरू असताना परसात पाण्याची ददात नसते, आणि निचरा न होणाऱ्या चिकण मातीत मुळे हवेवाचून कुजू लागली की तहानलेल्या झाडाप्रमाणेच पाने माना टाकतात. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओली असूनही झाड मरगळलेले असेल तर एखादे रोप हळूच उपटून मुळे तपासावीत. त्यांवर गाठी आढळल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव होय, आणि अबोली या शत्रूस फार लवकर बळी पडते. अशा जागी निंबोळी पेंड मिसळावी, एक हंगाम झेंडू घ्यावा, आणि नवी अबोली मुरूम व शेणखत घालून उंचावलेल्या वाफ्यात लावावी.

शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडली म्हणजे खत कमी झाले असे मानून युरिया टाकण्याचा प्रघात आहे. चुनखडीच्या जमिनीत आणि विहिरीच्या जड पाण्यावर हे लक्षण बहुधा लोहाच्या अभावाचे असते. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे, आणि कंपोस्ट सढळ हाताने घालावे.

गंध नसूनही वेणीत दीर्घकाळ टवटवीत राहणाऱ्या या फुलाचे रोप प्रत्येक परसात असावे असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी दर वेळी रोपवाटिकेत जाण्याचे कारण नाही. अबोलीला बी धरत नाही ही समजूत दिल्ली नामक जातीपुरतीच खरी आहे. ती वांझ असल्यामुळे तिची अभिवृद्धी छाटकलमांनी करावी लागते. साध्या अबोलीच्या तुऱ्यात फुले खालून वर उमलत जातात, मागे बोंडे धरतात, आणि वाळलेल्या बोंडास ओल लागताच ते तडकून बी दूर उडवते. त्यामुळे झाडावर बी शोधणाऱ्यास रिकामी टरफलेच सापडतात. बोंडे तपकिरी होऊ लागली की तुरे कापून कोरड्या कापडी पिशवीत ठेवावेत, मग पिशवीतच त्यांवर पाण्याचा हलका शिपका मारावा व जमलेले बी सुकवून घ्यावे. बी नको असेल तेव्हा सरलेले तुरे वेळीच खुडावेत, म्हणजे नवे तुरे लवकर येतात.