एकाने लिहायचं, चौघांनी मार्क घ्यायचे?

शंकर नगरमध्ये आमच्या गल्लीत ज्या घरात इंजिनिअरिंगचं पोर आहे, त्या घरी चहाला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, टीम प्रोजेक्ट म्हणजे नुसता वेळ घालवणं हो. एक हुशार मुलगा सगळं करतो, बाकीचे तिघं मार्क घेतात. त्यापेक्षा दुकानातून तयार प्रोजेक्ट आणून दिलेला काय वाईट?" मी कॉलेजात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवतो, त्यामुळे हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

एकच जण सगळं लिहितो, हे खरं आहे. मीही पाहिलंय. पण तसं का होतं? आपल्याकडे प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी संपतो. बाइंडिंग केलेला रिपोर्ट कपाटात जातो आणि त्या प्रोग्रॅमकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नाही. तो कुणी वापरणार नाही, कुणी दुरुस्त करणार नाही. अशा कामाला दुसऱ्या माणसाची गरजच नसते. ते चौघांत वाटलं तर तिघं रिकामे बसणारच. दोष टीमचा नाही, कामाच्या आखणीचा आहे.

यावरचा उपाय जुना आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या जेम्स हॉर्निंग आणि डेव्हिड वॉर्टमन यांनी १९७७ मध्ये ‘सॉफ्टवेअर हट’ नावाच्या आपल्या प्रयोगावर लेख लिहिला. विद्यार्थ्यांची प्रत्येक टीम म्हणजे एक छोटी कंपनी. तिने प्रोग्रॅमचे भाग लिहायचे, इतर टीमना विकायचे, त्यांच्याकडून घेतलेले भाग आपल्या कामाला जोडायचे आणि पुढे त्या परक्या कोडमध्ये बदल करायचे. इथे एकट्या हुशार मुलाचा निभाव लागत नाही. त्याने लिहिलेलं दुसऱ्याला कळलं नाही, तर ते विकत कोण घेणार?

वर्गात हे कसं दिसतं, ते सांगतो. आमच्या एका टीमने कोपऱ्यावरच्या मेडिकलसाठी साठ्याचा प्रोग्रॅम केला. मुलांनी साठा गोळ्यांच्या पट्ट्यांत मोजला. चार दिवसांनी दुकानदार म्हणाला, "सर, यहाँ तो लोग चार गोली भी माँगते हैं." टीममधल्या सगळ्यात हुशार मुलाने रात्रीतून दशांश बसवले. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या म्हणजे ०.४, छान चाललं. मग पंधराची पट्टी आली. चार गोळ्या म्हणजे ०.२६६..., प्रोग्रॅमने त्याचे केले ०.२७. तीन गिऱ्हाइकांनी चार-चार नेल्या, चौथ्याने उरलेल्या तीन. बेरीज झाली १.०१. पट्टी संपली आणि संगणकावर साठा उणे ०.०१!

पुढच्या वर्षीच्या टीमला हे कोड वारशाने मिळालं. सोबत टिपण नाही, आणि दशांशाची ही खुबी ज्या नावाखाली दडली होती ते नाव होतं ‘क्यू२’. ‘क्यू२’ म्हणजे काय, हे शोधण्यात त्यांचे तीन आठवडे गेले. लिहिणारा मुलगा तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. उपाय सोपा निघाला: साठा गोळ्यांत मोजायचा आणि पट्टीत किती गोळ्या, हे प्रत्येक बॅचपाशी नोंदवायचं. दुकानदार काउंटरवर वर्षानुवर्षं तेच करत आला होता. त्याच्याजवळ दोन तास उभं राहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्यानंतर मी नियम बदलला. सत्राच्या मध्यावर टीमनी कोडची अदलाबदल करायची, आणि तुमच्या कोडमध्ये दुसरी टीम किती बदल करू शकली, यावर तुमचे निम्मे मार्क. यातून एक गोष्ट मला नव्याने कळली. उत्तम टिपणं बहुधा त्या मुलामुलींकडून येतात, ज्यांना पहिल्या झटक्यात समजत नाही. कुठे अडतं, हे त्यांना ठाऊक असतं. ज्यांना आपण ‘फुकटचे मार्क घेणारे’ म्हणतो, त्यांच्यात अशी कितीतरी मुलं असतात, आणि त्यांना असं हिणवण्याचा मला मनापासून राग येतो.

कुणी म्हणेल, टीमची ही गरज फार तर दुकानाच्या साठ्यापुरती. मग पुण्याचं उदाहरण घ्या. सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ या रॉकेटमधून अवकाशात गेला. काम २००८ च्या सुमारास सुरू झालं होतं. पदवी चार वर्षांची, काम आठ वर्षांचं. ज्यांनी आरंभ केला ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’चंही तेच: आरंभ २००७, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६. एक हुशार मुलगा सगळं करत असता, तर तो पास झाला त्या दिवशी या उपग्रहांचं काम बंद पडलं असतं.

बाकीचे समज थोडक्यात.

"धंद्यासारखं चालवायचं म्हणजे मुलांना कमाईला लावायचं." नाही. ‘सॉफ्टवेअर हट’ हा खेळच होता. धंद्याकडून घ्यायची ती गिऱ्हाईक, मुदत आणि हिशेब ही शिस्त.

"टीम मोठी तर काम लवकर." फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्येच लिहिलं, की रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली तर ते आणखी रखडतं. चौघांत बोलण्याच्या जोड्या ६ होतात, आठ जणांत २८.

"हॅकेथॉन जिंकली, म्हणजे टीमचं काम आलंच." स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची असते. पंधराच्या पट्टीची चूक ३६ तासांत वर येत नाही, ती महिनाअखेरीच्या हिशेबात येते.

"आता कोड एआय लिहितं, टीम कशाला?" लिहू दे. चार गोळ्या सुट्या विकतात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना?

आणि तो दुकानातून आणलेला तयार प्रोजेक्ट. गेल्या वर्षी व्हायवाला एका मुलाने तसाच आणला होता. चालत होता, दिसायलाही देखणा. मी म्हटलं, "या बिलावर सवलतीचा एक रकाना वाढवून दाखव. वेळ हवा तेवढा घे." तो वीस मिनिटं पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे सारून हळूच म्हणाला, "सर, हे कुठल्या फाइलमध्ये आहे, तेच मला माहीत नाही."