सहहिस्सेदारांना नोटीस नाही

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. आपले पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूरवर चाल केली आणि पुढे बिंबाजी भोसले तेथून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, हा इतिहास आहे; त्या फौजेत आमचे कोणी होते, याला मात्र घरच्या समजुतीपलीकडे आधार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पोकळी खुपणारच. म्हणून परदेशी मुलीकडे गेलो असताना तिने डीएनए चाचणीचा संच पुढे केला, तेव्हा मी आनंदाने नळीत लाळ भरून दिली.

अहवाल फौजेबद्दल काहीच बोलला नाही. बोलणार तरी कसा? पूर्वजाचा वाटा दर पिढीत सरासरी निम्म्याने घटतो. आठ-दहा पिढ्यांमागच्या कित्येकांचा अंशही आपल्यात उरत नाही. मी 'दक्षिण आशियाई' आहे, एवढे मात्र कळले. त्यासाठी लाळ खर्ची घालण्याची गरज नव्हती.

सोबत नातलगांची यादी होती. तीत एक नाव आसामच्या चहामळ्यातून आलेल्या कुटुंबातील स्त्रीचे होते. आमच्यातील साम्य दोन टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे बहुधा पणजोबा एक. तिने लिहिले की, तिच्या आजोबांना त्यांच्या आईने दुष्काळात कडेवर घेऊन छत्तीसगडातून मळ्यावर आणले. गाव ठाऊक नाही, बापाचे नाव कोणी उच्चारले नाही. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत इकडून हजारो माणसे आसामला गेली. माझे पणजोबा त्या काळी मालगुजार होते, आणि त्यांनी दुष्काळात अन्नछत्र घातल्याची कथा आमच्या घरात आजही सांगितली जाते. बाप तेच की त्यांचे कोणी भाऊ, हे चाचणी सांगू शकत नाही.

महसूल खात्यातील नोकरीची सवय म्हणून एक गोष्ट चटकन जाणवली. सामाईक जमिनीच्या नोंदीत फेरफार करायचा, तर सर्व हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. जनुकीय वारसा याहून अधिक सामाईक, तरीही तेथे एकट्याची संमती पुरते. माझी आत्या नव्वदीला आली आहे. तिच्या आजोबांचे दप्तर मी उघडले आणि तिला कोणी विचारले नाही.

ही केवळ घरगुती अडचण नाही. २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांच्या हाती लागली. नातलग शोधण्याच्या सुविधेतून त्यांना जवळपास ६९ लाख लोकांची माहिती मिळाली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लाखोंचा वंशवारसा विक्रीयोग्य मालमत्ता ठरला. आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती 'संवेदनशील' मानली होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. तो परत आणावा. नातलग जुळवण्यासाठी स्वतंत्र संमती असावी आणि ही सुविधा आपोआप सुरू नसावी, एवढे तरी नियमांत घालता येईल. सरसकट बंदीच्या बाजूने मात्र मी नाही. आसामकडच्या त्या स्त्रीला आपले गाव शोधण्याचे या नळीखेरीज दुसरे साधन नव्हते. वंशावळी, बाडे, बंदोबस्ताचे कागद, सगळे आमच्याकडे होते.

तिला उत्तर देण्यापूर्वी मी आत्याबाईंना सारे सांगितले. नोटीस उशिरा का होईना, बजावली. त्या बराच वेळ जपमाळ हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "गावाचं नाव कळव तिला. आणि अन्नछत्राचं काही लिहू नकोस."