एका वर्षात कॉलेज सोडणारी पोरं

शरीफ अब्दुर-रहीम हे नाव आपल्यापैकी फार थोड्या लोकांनी ऐकलं असेल. आपल्या घरांत टीव्हीवर क्रिकेट सोडून दुसरा खेळ लागतोच कुठे! पण अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये हे चांगलंच माहीत असलेलं नाव आहे. जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटाचा हा मुस्लिम मुलगा १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. तिथे तो एकच हंगाम खेळला आणि त्या एका हंगामात आपल्या विभागाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९६ च्या उन्हाळ्यात तो कॉलेज सोडून व्यावसायिक खेळाडू झाला. एनबीए या तिथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये व्हँकुव्हरच्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

आता विचार करा. बर्कलीसारख्या ठिकाणी मुलाला ॲडमिशन मिळाली, तीही फी माफ होऊन, आणि पोरगा वर्षभरात म्हणतो की मी चाललो. आपल्याकडे अख्खं खानदान गोळा झालं असतं. मामूंपासून मशिदीच्या ट्रस्टीपर्यंत प्रत्येकाने समजूत काढली असती. अमेरिकेत मात्र दरवर्षी डझनावारी मुलं हेच करतात आणि त्यातल्या कित्येकांना घरच्यांचा पाठिंबा असतो. ती मुलं वेडी नाहीत, त्यांचे आईवडीलही नाहीत. असं का होतं, ते आम्ही इथे जरा सविस्तर सांगत आहोत.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे मोठा खेळाडू कॉलेजातून तयार होत नाही. तो क्लबातून, मैदानावरच्या कोचकडून, जिल्हा आणि राज्य संघातून वर येतो. श्रीरामपूरच्या झहीर खानने इंजिनीअरिंगचं शिक्षण सोडून मुंबईची वाट धरली, तेव्हा त्याने कॉलेजची टीम सोडली नव्हती, फक्त कॉलेज सोडलं होतं. अमेरिकेत बास्केटबॉल आणि तिकडचं फुटबॉल या दोन खेळांत कॉलेज हीच नर्सरी आहे. कॉलेजच्या सामन्याला वीस-वीस हजार माणसं तिकीट काढून येतात. मार्च महिन्यात होणाऱ्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्कच वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरला विकले जातात. हा सगळा कारभार एनसीएए नावाची संस्था पाहते.

आणि खेळणाऱ्या मुलाला काय मिळायचं? फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं. पगार नाही. जाहिरात करायची नाही, स्वतःच्या नावाचा टी-शर्ट विकायचा नाही. एखाद्या दुकानदाराने कौतुकाने बूट दिले तरी चौकशी लागायची. नियमाचं कारण असं सांगितलं जायचं की हे विद्यार्थी आहेत, हौशी खेळाडू आहेत. कोचला मात्र वर्षाला लाखो डॉलर पगार. तो कोणी हौसेने काम करत नव्हता.

२०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्या संघाचा मुख्य खेळाडू शबाझ नेपियर याने पत्रकारांना सांगितलं की काही रात्री तो उपाशीपोटी झोपतो. देशातल्या सर्वोत्तम संघाचा हिरो, आणि रात्री खायला पैसे नाहीत. या बोलण्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवण्याचा निर्णय घेतला. जेवणावर मर्यादा होती, हेच ऐकून आम्हाला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं.

म्हणून मुलं निघून जातात. घर भाड्याचं, आई दोन नोकऱ्या करते, मागे धाकटी भावंडं आहेत, आणि समोर एनबीए उभी आहे. दुखापतीची भीती वेगळीच. कॉलेजात एक वर्ष जास्त थांबलो आणि गुडघा गेला तर हातात काही नाही. डिग्री चाळिशीतही घेता येते, उडी मारणारे पाय चाळिशीत नसतात.

एनबीएत शिरण्याचा रस्ता म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावासारखं तिथे बोली लावणं नसतं. संघ एकामागून एक नवीन खेळाडूचं नाव पुकारतात. दोन फेऱ्या होतात आणि साधारण साठ नावं पुकारली जातात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरून ठरतो आणि पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के असतात. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी सव्वा कोटी डॉलर मिळाले. दुसऱ्या फेरीतल्याला मात्र अशी कुठलीच हमी नाही. आणि ज्याचं नाव पुकारलंच गेलं नाही, त्याने परदेशातल्या लीग शोधायच्या. एनसीएएच्याच हिशोबाप्रमाणे, ड्राफ्टसाठी पात्र असलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी एनबीएत निवडले जाणारे सुमारे एक टक्का.

हा एक टक्का प्रत्येक आईला आपल्या पोरात दिसतो. खरी अडचण इथे आहे.

लवकर जाण्याचा हा हक्क सहज मिळालेला नाही. करीम अब्दुल-जब्बार हे नाव आपल्या वाचकांना माहीत असेल. १९६५ ते १९६९ या काळात तो यूसीएलएमध्ये होता आणि त्याने सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. याच काळात, १९६८ मध्ये, त्याने इस्लामचा स्वीकार केला. तो चार वर्षं कॉलेजात राहिला, कारण शाळा संपल्यानंतर चार वर्षं होईपर्यंत एनबीए कोणालाच घेत नसे. कॉलेजने आपल्यावर एवढा पैसा कमावला आणि आपण मात्र कफल्लक होतो, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं आहे. डिग्री मात्र त्याला मिळाली, इतिहासाची.

त्याच्या मागून आला स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतल्या गरीब कृष्णवर्णीय घरातला, दहा भावंडं, आई कापूस वेचणारी. त्याने कॉलेज अर्धवट सोडून एनबीएत सिएटलच्या संघाशी करार केला, तर लीगने अडवलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये निकाल हेवूडच्या बाजूने लागला. त्यानंतर काही वर्षं लीगने अशी अट ठेवली की घरची परिस्थिती हलाखीची आहे हे सिद्ध करा, मग या. म्हणजे गरिबीचा दाखला! आपल्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची आठवण होते ना? ती अटही १९७६ मध्ये गेली.

मग दार सताड उघडलं. १९८४ मध्ये नायजेरियातल्या लागोसहून ह्यूस्टनला शिकायला आलेला हकीम ओलाजुवॉन तीन हंगाम खेळून, एक वर्ष शिल्लक असताना बाहेर पडला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. हाच तो हकीम, जो रमजानचे रोजे ठेवून एनबीएचे सामने खेळत असे आणि १९९५ च्या फेब्रुवारीत, रमजान चालू असताना, महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. १९९० मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा एक गरीब घरातला खेळाडू दोन वर्षांत निघाला आणि तिसरा निवडला गेला. पुढच्या वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये महमूद अब्दुल-रऊफ हे नाव घेतलं. १९९५ नंतर तर पोरं शाळेतूनच थेट एनबीएत जाऊ लागली. केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. लेनी कुक हे नाव कोणाला माहीत नाही. शाळेत असताना त्याची गणती देशातल्या अव्वल मुलांत होत होती. २००२ मध्ये त्याने ड्राफ्टसाठी नाव दिलं आणि कोणीच ते पुकारलं नाही. एनबीएचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही.

२००५ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला. ड्राफ्टच्या वर्षात वय १९ पूर्ण हवं आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. मुलांचं भलं व्हावं म्हणून नियम केला म्हणतात. आमच्या मते त्यात संघांचीच सोय जास्त होती, कारण वर्षभर पोराला कॉलेजात फुकट पारखता येतं. यातून ‘एक वर्ष आणि टाटा’ अशी पद्धत पडली. हंगाम संपला, ड्राफ्टला नाव दिलं, मग उरलेल्या सत्रात वर्गात बसायचं कशाला? शिक्षणाच्या नावाखाली शिक्षणाची एवढी थट्टा दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

फुटबॉलमध्ये नियम आणखी कडक आहे. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल दारात उभं करत नाही. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाचा मानकरी झाला, मग कॉलेजने त्याला निलंबित केलं. तो कोर्टात गेला. २००४ च्या फेब्रुवारीत खालच्या कोर्टात जिंकला आणि मे महिन्यात वरच्या कोर्टात हरला. कॉलेज सुटलं, लीग मिळेना, दीड वर्ष रिकामं. २००५ मध्ये डेन्व्हरने निवडलं, पण एकही सामना खेळण्याआधी काढून टाकलं. पुढच्या वर्षी तो गुन्ह्यात अडकला आणि साडेतीन वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला. पोराची चूक होतीच. पण वीस वर्षांच्या मुलाला दोन्हीकडची दारं एकदम बंद झाल्यावर तो जाणार कुठे, हा प्रश्न तेव्हा फार कमी लोकांनी विचारला.

आता घरच्यांच्या कामाची गोष्ट. नाव दिलं म्हणजे परतीचा रस्ता बंद, असं आता राहिलेलं नाही. खेळाडू लीगच्या समितीकडून आधी अंदाज मागवू शकतो की आपण पहिल्या फेरीत जाऊ, दुसऱ्या फेरीत जाऊ की जाणारच नाही. नाव देऊन, संघांसमोर चाचणी देऊन, ठरलेल्या तारखेपर्यंत ते मागेही घेता येतं आणि पुन्हा कॉलेजात खेळता येतं. खोटी आशा दाखवणारे मध्यस्थ आणि ‘चाचा’ लोक याच काळात घराभोवती जमतात. समितीचा कागद एक सांगतो, चाचा दुसरंच सांगतात.

आणि शिक्षण? जे परत गेले त्यांची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. शकील ओनीलने १९९२ मध्ये तीन वर्षांनी कॉलेज सोडलं आणि २००० मध्ये डिग्री पूर्ण केली. २०१२ मध्ये तर शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. स्टीफन करी २००९ मध्ये निघाला, त्याची डिग्री २०२२ मध्ये झाली. विन्स कार्टरने आईला शब्द दिला होता. २००१ च्या मे महिन्यात सकाळी तो पदवीदान समारंभाला गेला आणि तिथून विमानाने फिलाडेल्फियाला पोहोचला, मालिकेचा सातवा, निर्णायक सामना खेळायला. शेवटच्या क्षणी त्याचा नेम चुकला आणि संघ एका गुणाने हरला. लोकांनी खापर पदवीवर फोडलं. आम्हाला विचाराल तर त्या दिवशी त्या आईचं काही हरलं नव्हतं.

टिम डंकनचं उलट. त्याची आई तो लहान असतानाच कॅन्सरने गेली. डिग्री पूर्ण करीन, असं तिला दिलेलं वचन त्याने पाळलं. चार वर्षं पूर्ण करून १९९७ मध्ये तो बाहेर पडला आणि तरीही पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. लवकर गेला असता तर कोट्यवधी डॉलर आधीच मिळाले असते.

आणि शरीफ अब्दुर-रहीम? बारा हंगाम एनबीए खेळून तो पुन्हा बर्कलीत गेला आणि २०१२ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली. २०१९ पासून तो एनबीएच्या दुय्यम लीगचा, जी लीगचा, अध्यक्ष आहे. ज्यांना कॉलेज नको अशा मुलांसाठी याच जी लीगने २०२० मध्ये ‘इग्नाइट’ नावाचा पगारी संघ काढला. २०२४ मध्ये तो बंद करावा लागला, कारण तोवर कॉलेजातच पैसा आला होता.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्याच्या तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, एका कॉलेजला वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. परिणाम लगेच दिसला. २०२१ मध्ये ड्राफ्टसाठी लवकर नाव देणारे ३५३ होते (कोविडमुळे तो आकडा जरा फुगलेला होता), २०२५ मध्ये फक्त १०६. पन्नास वर्षं ‘शिक्षण महत्त्वाचं’ हा उपदेश देऊन जे झालं नाही, ते मजुरी दिल्यावर चार वर्षांत झालं.

मुलींची गोष्ट वेगळी. महिलांच्या डब्ल्यूएनबीएत अमेरिकन मुलीला त्या वर्षी बावीस पूर्ण होणार असतील किंवा पदवी झाली असेल तरच जाता येतं. त्यामुळे बहुतेक मुली डिग्री घेऊनच बाहेर पडतात. बिल्किस अब्दुल-कादिर ही मॅसॅच्युसेट्सची मुलगी शाळेत ३,०७० गुण करून राज्याचा विक्रम मोडून आली, मेम्फिस विद्यापीठात हिजाब घालून खेळली आणि वेळेवर पदवीधर झाली. तिने सगळं नियमाप्रमाणे केलं. पण परदेशातल्या लीगना लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमात डोकं झाकून खेळायला बंदी होती. ती बंदी २०१७ मध्ये उठली, तिच्या भरातली वर्षं तोवर निघून गेली होती.

ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत किंवा ज्यांचा मुलगा खेळाच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला जायच्या विचारात आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. कॉलेजात आता मिळणारे हे पैसे स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला सहज घेता येत नाहीत. त्या व्हिसावर कॉलेजबाहेर काम करण्यावर निर्बंध आहेत, आणि जाहिरातीचं शूटिंग हेही काम धरलं जाऊ शकतं. शेजारच्या खोलीतला अमेरिकन मित्र करतो म्हणून आपणही केलं, तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.