यंत्राची कळ आणि वादकाचा हात

पनवेलच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री गाणी रंगतात, तेव्हा बेंजो, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड ही मंडळी मांडवात हजर असतात. ऑक्टोपॅडच्या रबरी चौकोनावर काठी पडते आणि ढोलकी वाजते, याचे आता लहान पोरालाही नवल वाटत नाही. परंतु १९८५ साली रोलँड कंपनीने जो पहिला ऑक्टोपॅड काढला, त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता! आघात झाला की तो केबलमधून फक्त आकडे पाठवी. आवाज काढी ते पलीकडचे यंत्र. 'मिडी कंट्रोलर' म्हणतात तो हाच प्रकार. हुकूम देणारा एक आणि राबणारा दुसरा. आमचा जन्म कामगार संघटनेत गेला. ही विभागणी आम्हांस समजावून सांगावी लागली नाही.

ही वाद्ये आली तेव्हा वादकांच्या पोटात गोळा उठला, आणि तो खोटा नव्हता. १९८२ साली ब्रिटनमधील वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडचीच ज्युपिटर-८, टीआर-८०८ व टीबी-३०३ ही यंत्रे घेऊन भैरव, ललत, मालकंस अशा दहा रागांची तबकडी केली. ठराव मागे पडला, यंत्र राहिले. तेव्हा भांडण यंत्राशी नसून, त्याच्या कळा कोणाच्या हाती असाव्यात याविषयी आहे, असे आमचे मत झाले.

१९८३ साली 'मिडी' ही सर्व यंत्रांची सामाईक भाषा ठरली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांचा तीत पुढाकार होता. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा मान्य केली व तिच्या वापराबद्दल शुल्क ठेवले नाही. (मालकांचा करार इतक्या सलोख्याने झालेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.) पण त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ने दुसरी एक चाल पाडली. पूर्वीच्या सिंथेसायझरवर प्रत्येक गुणासाठी वेगळे बटण असे. येथे ती सारी काढून सपाट कळा आणि एकच सरकपट्टी ठेवली. आवाज बदलणे इतके किचकट झाले की बहुतेकांनी कारखान्यातून आलेले तयार आवाजच वाजवले. काढून घेतलेली ही बटणे वादकाला परत मिळवून देणारे साधन म्हणजे कंट्रोलर.

बटण फिरले की केबलमधून तीन आकडे जातात. पहिला सांगतो की हा बदलाचा हुकूम आहे आणि तो सोळांपैकी कोणत्या चॅनलसाठी आहे. पहिल्या चॅनलला १७६, सोळाव्याला १९१. दुसरा आकडा कोणता गुण बदलायचा ते सांगतो, तिसरा किती ते. हे दोन्ही ० ते १२७ यांच्या आत. म्हणजे १७६, ७४, ९० याचा अर्थ : पहिल्या चॅनलच्या वाद्या, तुझा फिल्टर ९० पर्यंत उघड. ७ म्हणजे आवाजाची पातळी, ६४ म्हणजे पायाचे पेडल, ७१ म्हणजे रेझोनन्स. ७४ चे काम समजण्यासाठी तोंडावर तळहात धरून 'आ' म्हणावे आणि हात हळूहळू दूर न्यावा. तीन आकडे पोचायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग पुरतो.

'प्रोग्रॅमिंग' हा शब्द ऐकून भिण्याचे कारण नाही. बटणाला चॅनल नेमून द्यायचा, गुणाचा आकडा द्यायचा, आणि खालची-वरची मर्यादा घालायची, इतकेच ते काम. मर्यादेचा कंटाळा करू नये. फिल्टर ० वर गेला की पुष्कळ आवाज मुकेच होतात. म्हणून ३० ते ११० एवढीच मोकळीक ठेवावी. सर्वच वाद्ये हे ठरीव आकडे मानत नाहीत. डीएक्स-७ च्या आवाजाच्या घडणीतले गुण बदलायचे तर कंपनीचा स्वतःचा लांब संदेश पाठवावा लागतो, आणि कंट्रोलर तसा संदेश पाठवू शकतो की नाही हे घेण्यापूर्वी पाहावे. कोणता आकडा चालतो याचा तक्ता वाद्याच्या पुस्तिकेत बहुधा शेवटी असतो. तेवढे पान इंग्रजी बेताचे असले तरी वाचता येते. आम्ही वाचले आहे.

एका हळदीत आमच्या ओळखीच्या पोराने संथ गाण्यात फिल्टर जरासा उघडण्यासाठी बटणाला हात लावला, आणि आवाज एकदम किंचाळला. नवरीच्या मामांनी वळून पाहिले. "काका, मी तर जरासंच फिरवलं," असे तो नंतर आम्हांला म्हणाला, आणि ते खरेच होते. मागच्या गाण्यात बटण १०० वर राहिले होते; नव्या आवाजात फिल्टर २० वर साठवलेला होता; बोट लागताच वाद्याने बटणाचा आकडा खरा मानला आणि २० वरून १०० वर उडी घेतली. यावर उपाय 'पिकअप' नावाच्या सोयीचा. ती लावली की बटण साठवलेल्या आकड्यावरून जाईपर्यंत काहीच घडत नाही, त्यानंतर ते पकड घेते. अखंड फिरणारे बटण असेल तर ते 'थोडे वर, थोडे खाली' एवढेच सांगते. पण ती बोली पलीकडच्या वाद्याला कळावी लागते.

पोराला हे ठाऊक नव्हते, कारण त्याच्या बटणांच्या नेमणुका दुकानदाराने पैसे घेऊन भरून दिल्या होत्या आणि त्यात काय भरले ते सांगितले नव्हते. गाणे बदलले की पुन्हा दुकान, पुन्हा पैसे. सुपारीतला तेवढा भाग दर वेळी तिकडे जाई. आम्ही दोघे एका रविवारी बसलो. आठ बटणे होती. प्रत्येकाचा चॅनल, आकडा आणि मर्यादा शाळकरी वहीत लिहिली, मग यंत्रात भरली, आणि प्रत्येक बटण फिरवून कानाने तपासले. चौथ्या बटणाला दोन तास लागले. यंत्रात भरलेले 'सेव्ह' करायला मात्र आम्ही विसरलो. संध्याकाळी वीज गेली आणि सारे पुसले गेले. वही होती म्हणून दुसऱ्या खेपेला वीस मिनिटांत काम झाले.