सरकारी वकील नेमका कोणाचा?

शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्होराज पाठकांचे गाव. शिक्रापूर-पाबळच्या पट्ट्यात वसलेल्या या गावात, किंवा अशा कोणत्याही गावात, एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाला आणि घरच्यांनी तक्रार करण्याचे धैर्य दाखवले, तर त्यांना पहिल्याच दिवशी एक दिलासा हमखास मिळतो : ‘तुम्हाला वकील करावा लागणार नाही, वकील सरकारचा असतो.’ हे खरेच आहे. मात्र पुढील अनेक गैरसमजांचे मूळही त्यातच आहे.

खटल्याच्या शीर्षकावर बालकाचे नाव नसते. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ अशी त्याची नोंद होते. बालक हे त्या खटल्यातील साक्षीदार असते आणि सरकारी वकील हा राज्याचा वकील असतो. उपलब्ध असलेला सर्व पुरावा, आरोपीला उपकारक ठरणारासुद्धा, न्यायालयापुढे प्रामाणिकपणे ठेवणे हे त्याचे कर्तव्य मानले गेले आहे. बालकाचे हित आणि राज्याचा खटला बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात. पण नेहमीच नव्हे.

बालकांशी संबंधित प्रकरणे तीन वेगवेगळ्या ठिकाणी चालतात, हेही शहरी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बालकल्याण समितीपुढे येते. तेथे वादी-प्रतिवादी नसतात, त्यामुळे सरकारी वकिलाचेही फारसे काम नसते. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असे मूल बाल न्याय मंडळापुढे उभे राहते. पुण्यात येरवड्याला बसणारे हे मंडळ २०२४च्या कल्याणीनगर अपघातानंतर घरोघरी परिचित झाले. तिसरे ठिकाण म्हणजे ‘पॉक्सो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२च्या कायद्याखालील विशेष न्यायालय. येथे किमान सात वर्षे वकिली केलेला विशेष सरकारी वकील असावा आणि त्याने केवळ याच कायद्याखालील खटले चालवावेत, असे कलम ३२ सांगते. शंभरहून अधिक प्रकरणे असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र न्यायालय आणि प्रशिक्षित सरकारी वकील असावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१९मध्ये द्यावा लागला, यावरून कागद आणि वास्तव यांतील अंतराची कल्पना यावी.

दोषारोपपत्र हाती आल्यावर जाणता सरकारी वकील प्रथम वयाचा कागद शोधतो. अठरा वर्षांखालील वय सिद्ध झाले नाही, तर हा कायदाच लागू होत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ने पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे : शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला जोडला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढा दाखला पुरेसा नसल्याचे एका निकालात स्पष्ट केले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा वीटभट्टीवर परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून आलेल्या कुटुंबाच्या मुलीचा जन्म कोठे नोंदला गेला, हे शोधणे सोपे नसते. मग साऱ्या खटल्याचा डोलारा कोठल्यातरी दूरच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर उभा राहतो.

त्यानंतर साक्ष. तोवर मुलाने घडलेली हकिगत आईला, पोलिसांना, डॉक्टरांना आणि दंडाधिकाऱ्यांना सांगितलेली असते. चार वेळा सांगितलेली गोष्ट चारही वेळा तंतोतंत सारखी कशी असणार? मोठ्या माणसाचीही नसते. उलटतपासाचा भर नेमका या फरकांवर असतो. कायद्याने येथे बरीच काळजी घेतली आहे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावेत आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारावेत. सुनावणी बंद दालनात व्हावी. आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये. मुलाला वारंवार बोलावू नये, असे दंडक आहेत. साक्ष शक्यतो तीस दिवसांत आणि खटला एका वर्षात संपावा, ही अपेक्षा आहे. बारा वर्षांखालील मुलाला शपथ देण्याचीही आवश्यकता नसते; त्याला प्रश्न समजतात आणि सुसंगत उत्तरे देता येतात, एवढी खात्री न्यायाधीश करून घेतात. तरीही ‘त्याने वाईट केले’ एवढेच म्हणून मूल गप्प झाले, तर सूचक प्रश्न न विचारता पुढचे तपशील काढायचे कसे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ज्या वकिलाने आधी मुलाशी बोलण्यास एक दुपार दिली, त्यालाच ते साधते. साक्षीच्या सकाळी व्हऱ्हांड्यात पाच मिनिटे भेटणाऱ्याला कोठून साधणार?

सर्वांत अवघड प्रसंग याच्या पुढचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे एक गोष्ट कायम आहे : या गुन्ह्यांतील बहुसंख्य आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. कोणी चुलता असतो, कोणी शेजारी. गावात बैठक बसते, शेताचा बांध मध्ये येतो, मुलीच्या लग्नाची काळजी पुढे केली जाते. आणि साक्षीच्या दिवशी मुलगी म्हणते, ‘काही झाले नव्हते.’ अशा वेळी सरकारी वकील न्यायालयाची अनुमती घेऊन तिला फितूर ठरवतो आणि तिचाच उलटतपास घेतो. ज्या मुलीसाठी खटला उभा राहिला तिलाच खोटे पाडण्याचे हे काम आहे. खोट्या तक्रारीबद्दल मुलाला शिक्षा करता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट केले आहे; पण तेवढ्याने त्या दालनातील तो अर्धा तास सुसह्य होत नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या, स्वखुशीने घर सोडून गेलेल्या मुलींच्या प्रकरणात तर पेच आणखी वाढतो. अठरा वर्षांखालील संमतीला कायदा संमती मानत नाही. मुलगी आरोपीच्या बाजूने उभी असते आणि सरकारी वकील तिच्या समोर. पश्चिम बंगालमधील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, परंतु मे २०२५मध्ये आपले विशेषाधिकार वापरून शिक्षा सुनावली नाही. कारण आता सज्ञान झालेल्या त्या पीडितेला गुन्ह्यापेक्षा नंतरच्या कायदेशीर फरफटीनेच अधिक पोळले होते.

सरकारी वकिलाच्या चिकाटीने बालकांचे संरक्षण टिकल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कपड्यांवरून केलेला स्पर्श म्हणजे या कायद्याखालील लैंगिक हल्ला नव्हे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दिला. तेव्हा महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. देशाच्या महान्यायवादीने फौजदारी निकालाविरुद्ध अशी याचिका करणे विरळाच. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला.

केंदूरच्या कुटुंबाने काय करावे? कलम ४० अन्वये त्यांना स्वतःचा वकील देता येतो, आणि ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. तो सरकारी वकिलाचा प्रतिस्पर्धी नसून बालकाच्या वतीने लक्ष ठेवणारा असतो. बालकल्याण समितीकडे साहाय्यक व्यक्ती मागता येते. ती तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या सोबत राहते. २०२०च्या नियमांनुसार तक्रार नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. भरपाईसाठी आरोपी दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही; तो निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तरी न्यायालय तिची शिफारस करू शकते. राज्याची २०१३पासूनची मनोधैर्य योजना याशिवाय आहेच. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो, आणि तो कोणी करायचा, हे पहिल्याच भेटीत सरकारी वकिलाला विचारून घ्यावे.