पॉन्टून बोट, दुपारचा वारा आणि तिथीचं गणित

किनाऱ्याकडच्या बऱ्याच गटांत सध्या पर्यटकांना खाडीत फिरवण्याचा विचार चालू आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या ताया कांदळवन सफारी चालवतात, ते आपण सगळ्या जाणतोच. पण त्या होड्या वल्ह्याच्या. आता बैठकीत विचारणा होते ती पॉन्टून बोटीची. कारणही बरोबर आहे. सपाट, रुंद, कठडा असलेली बोट. वयस्कर माणसं आणि लहान मुलं सहज चढतात, खुर्च्या मांडता येतात, कोणी उठलं म्हणून बोट कलंडत नाही. कर्ज काढून ती घ्यायची का, हा गटाचा निर्णय. पण खाडीच्या तोंडाशी वारा सुटला की ही बोट कशी वागते, ते आधी समजून घ्या.

दोन लांब पोकळ नळे आणि त्यांवर सपाट फळी, एवढीच ही बोट. नळ्यांत हवा असते म्हणून ती तरंगते. हिशोब पाण्याच्या पिंपासारखा. २०० लिटरचं बंद पिंप पूर्ण बुडवलं तर साधारण २०० किलोचा भार उचलतं, अर्धं बुडालं तर १०० किलो. म्हणून सगळी माणसं बसल्यावर नळे अर्ध्याच्या फार खाली गेले असतील तर माणसं जास्त झाली, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. सकाळी रिकामी बोट एका बाजूला झुकलेली दिसली तर त्या बाजूच्या नळ्यात पाणी शिरलंय असं समजायचं. आधी ते काढायचं, गळती शोधायची, मगच फेरी. विकत घेताना प्रत्येक नळ्याच्या आत आडवे पडदे आहेत का ते जरूर विचारा. पडदे असले तर एका जागी भोक पडल्यावर एकच कप्पा भरतो, सगळा नळा नाही.

आता वारा. साधी होडी पाण्यात खोल बसते, म्हणून पाणी तिला धरून ठेवतं. पॉन्टून पाण्यावर वरवर असते, आणि वर मात्र कठडा, खुर्च्या, उन्हासाठी ताणलेलं कापडी छत. म्हणजे पाण्याची पकड कमी आणि वाऱ्याला ढकलायला जागा भरपूर. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात जी बोट एका हाताने वळते, तीच २० च्या वाऱ्यात आडवी सरकत जाते. वारा वाढायला लागला की पहिलं काम म्हणजे छत उतरवणं. उन्हामुळे प्रवासी कुरकुर करतील, करू देत.

वारा कधी वाढतो हे आपल्या भागात कोणाला शिकवायला नको. पावसाळा सोडला तर पहाटे-सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हलका वारा. बारानंतर खारा वारा समुद्रावरून आत येतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. "आता वारो येतलो" म्हणत बंदरावरची माणसं जाळी आवरायला लागतात, ती वेळ. मोकळ्या पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसायला लागला की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे. सगळीकडे फेस दिसला की २० च्या वर. पर्यटक भरलेली छोटी पॉन्टून तेव्हा खाडीच्या तोंडाकडे न्यायची नाही.

पण नुसता वारा बघून भागत नाही. आत येणारा वारा आणि बाहेर जाणारं पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सपाट तोंडाची पॉन्टून अशा लाटेवर चढत नाही, तिच्या खाली घुसते आणि पाणी थेट पायांवर येतं. ही वेळ आधीच काढता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण तीन तासांनी ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला ती येते दुपारी दोन-अडीचला. उधाणाची ओढ आणि खाऱ्या वाऱ्याचा जोर नेमका एकाच वेळी! त्रयोदशीपासून तृतीयेपर्यंत दुपारी तोंडाकडची फेरी ठेवूच नका. आत, कांदळवनाच्या आडोशाला फिरवा.

अष्टमीच्या आसपास दुपारी पाणी आणि वारा दोन्ही आत येतात, त्यामुळे लाटा बसक्या राहतात. पण त्याच दिवशी सकाळ बघा. ओहोटी बाहेर, मतलईही बाहेर. पाणी अगदी गुळगुळीत दिसतं, सगळ्या निर्धास्त असतात, आणि इंजिन बंद पडलं तर बोट निघते समुद्राकडे. म्हणून नांगर आणि त्याची दोरी पुढे मोकळी ठेवायची, खुर्च्यांखाली कोंबायची नाही. इंजिन थांबलं की आधी नांगर टाकायचा, मग इंजिनची दोरी ओढत बसायचं. दोन वल्ही हवीतच.

चालवण्याबद्दल थोडंच सांगते, कारण हे हाताने शिकायचं काम आहे. लाट समोरून किंवा थोडी तिरकी घ्यायची, आडवी नाही. डॉल्फिन दिसला की सगळे पुढे धावतात आणि पुढची बाजू पाण्यात जाते, म्हणून चालू बोटीत जागा सोडायची नाही हे जेट्टीवरच सांगायचं. जेट्टीला लागताना वारा किंवा ओढ, ज्याचा जोर जास्त, त्याच्या समोर तोंड करून हळू यायचं. बोट आणि जेट्टीच्या मध्ये हात-पाय घालायचे नाहीत, तिथे जुने टायर बांधा. लाइफ जॅकेट बसायच्या आधी, पट्टे बांधून, तायांनीसुद्धा. साडीवर चांगलं दिसत नाही ही सबब मी ऐकली आहे. ती चालणार नाही.

किनारा जवळ आहे म्हणून काही होत नाही, असं कोणी म्हणालं तर केरळातलं तानूर सांगा. मे २०२३ मध्ये तिथे नदीच्या मुखाजवळच क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण गेले.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. दहा जणांचं कुटुंब पुण्याहून आलंय, पैसे भरलेत, दुपारचे तीन वाजलेत, महिन्याचा हप्ता डोक्यावर आहे. अशा वेळी एकट्या ताईने "नाही" म्हणायचं कसं? ते जेट्टीवर ठरवायला लावू नका. गटाच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहा: फेस दिसला की तोंडाकडची फेरी बंद. पैसे परत, नाहीतर दुसऱ्या दिवशीची सकाळ. निर्णय बोट चालवणाऱ्या ताईचा, त्यावर अध्यक्ष, सचिव किंवा मी, कोणी बोलायचं नाही. आणि तिचं मानधन फेरीवर ठेवू नका, दिवसावर ठेवा. फेरी झाली तरच पैसे मिळणार असतील तर ती वाऱ्यात बोट काढणारच. रद्द फेरीचं नुकसान गटाने सोसायचं. म्हणून कर्जाचा हप्ता ठरवतानाच महिन्याच्या निम्म्या दुपारी रिकाम्या धरून हिशोब मांडा. तेवढ्यावर हप्ता निघत नसेल तर बोट लहान घ्या, किंवा सध्या घेऊच नका.

महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी, चालवण्याचा परवाना आणि विमा झाल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही. बोटीवर ठळक अक्षरांत तीन नंबर लिहून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि ११२. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना बोटीचा प्रस्ताव असलेल्या गटांनी दिनदर्शिका सोबत आणा. डिसेंबर ते मे या महिन्यांतल्या बंद दुपारी आपण तिथेच लाल पेनाने खुणा करून घेऊ.