हेलिकॉप्टरचीं पातीं आणि हवेचें गणित

गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथवर आगगाडी येते. परंतु दक्षिणेस एटापल्ली-भामरागडकडील अरण्यांत ती पोंचत नाहीं. एप्रिल २०२४ मधील लोकसभेच्या निवडणुकींत गडचिरोली जिल्ह्यांतील दुर्गम केंद्रांकडे कर्मचारी व मतदानयंत्रें हेलिकॉप्टरांतून न्यावीं लागलीं. झाडांनीं वेढलेल्या लहानशा मोकळ्या जागेंत हें वाहन उतरतें, तेव्हां त्याच्या पात्यांभोवतीं हवेचें काय होतें, हें जाणणें म्हणजे निव्वळ शास्त्रज्ञांचा विरंगुळा नव्हे.

एम्-आय-१७ जातीच्या हेलिकॉप्टरास पांच पातीं असतात व त्यांचीं टोकें सेकंदास सुमारें २१४ मीटर वेगानें फिरतात. हेलिकॉप्टर सेकंदास ६० मीटर पुढें जात असतां एका बाजूचें टोक हवेस २७४ मीटर वेगानें भिडतें, तर दुसऱ्या बाजूचें अवघ्या १५४ मीटर वेगानें. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. अर्थात् वाहन एकीकडे कलंडावयास हवें! स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्व्हा यानें १९२३ सालीं आपल्या ऑटोजायरोंत पातीं बुंध्याशीं बिजागरीनें जोडून हा पेंच सोडविला.

भोंवऱ्याचा पेंच मात्र अधिक चिवट आहे. प्रत्येक पात्याच्या टोकापासून हवेचा एक पिळदार भोंवरा सुटतो व मागून येणारें पातें त्यालाच जाऊन धडकतें. उतरतांना ऐकूं येणारा फट्‌फट् आवाज बहुतांशीं या टकरीचाच. गणकयंत्रावर हें मांडावयाचें तर भोंवतालची हवा लक्षावधि लहान घरांत वांटतात आणि प्रत्येक घरांतील वेग, दाब व घनता यांचा हिशेब क्षणाक्षणाला करतात. समीकरणें जुनींच, नाव्हिए व स्टोक्स यांचीं, एकोणिसाव्या शतकांतील. गोम आहे ती घरांच्या आकारांत. घर मोठें असलें कीं त्यांतील हवेची सरासरी धरली जाते, आणि प्रत्यक्षांत टिकून राहणारा भोंवरा हिशेबांत मात्र एकदोन फेऱ्यांतच विरून जातो. मग पात्यास शांत हवा मिळाल्याचें गणित सांगतें, आणि तिकडे पात्यास धक्के बसत असतात! घरांची लांबी, रुंदी व उंची निम्मी केली तर त्यांची संख्या आठपट होते; काळाचे टप्पेहि निम्मे करावे लागून श्रम सोळापट होतात. यास्तव जेथें भोंवरा असेल तेवढ्याच जागीं घरें बारीक करण्याची युक्ति योजतात.

उतरतांना तर पुढची गति जवळजवळ नसतेच. अशा वेळीं घाईनें सरळ खालीं आल्यास हेलिकॉप्टर आपणच खालीं लोटलेल्या हवेंत शिरतें. भोंवरे पात्यांभोवतीं कडें करून बसतात, आणि वैमानिकानें जोर वाढविला तरी तें खालींच जातें. त्यांतून सुटावयाचें तर पुढें किंवा बाजूस सरकून न ढवळलेली हवा गांठावी लागते, आणि झाडांच्या वेढ्यांत नेमकी त्यालाच जागा अपुरी असते.